आधी बुणगे शोधा: सरहद्दीवरच्या लढाईचं चित्र पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

दर रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या माडीवर पाच-सहा जण जमतात. चहा होतो, मग टेबलावर एकच चित्र ठेवून आम्ही ते तासभर बघतो. निसर्गचित्र असलं किंवा व्यक्तिचित्र असलं की नवीन आलेला माणूसही पाच मिनिटांत बोलायला लागतो. लढाईचं चित्र निघालं की मात्र गाडी अडते. कुणी घोड्याचं कौतुक करतं, कुणी विचारतं, "यात जिंकलं कोण?" जिंकलं कोण ते कळलं की चित्र बघून झालं, असं सगळ्यांना वाटायला लागतं.

हे टिपण त्या अडलेल्या गाडीसाठी आहे. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही. एक वही, थोडी सुतळी आणि तास-दीड तास पुरे. उदाहरणादाखल मी एकच चित्र शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे, कारण दहा चित्रं वरवर बघण्यापेक्षा एक नीट बघितलेलं बरं.

चित्र आहे ब्रिटिश चित्रकर्ती एलिझाबेथ बटलर यांचं, १८७९ सालचं तैलचित्र: ‘द रेम्नन्ट्स ऑफ ॲन आर्मी’. मराठीत ‘एका फौजेचं उरलंसुरलं’ म्हणू. ते लंडनच्या टेट संग्रहाच्या मालकीचं आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर सहज बघायला मिळतं. विषय आहे पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धाचा: काबूलहून माघार घेतलेल्या फौजेतला डॉक्टर विल्यम ब्रायडन १३ जानेवारी १८४२ रोजी जलालाबादच्या किल्ल्याजवळ पोचतो, तो क्षण.

पहिली पायरी: सुतळी

मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक चित्र तळहाताएवढं होतं. म्हणून आधी मूळ चित्राचं माप शोधा. हे चित्र सुमारे १३२ सेंटिमीटर उंच आणि २३४ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे उंची साडेचार फुटांना थोडी कमी आणि रुंदी पावणेआठ फुटांच्या आसपास. तेवढी सुतळी कापा आणि खिळे किंवा चिकटपट्टी वापरून घरातल्या रिकाम्या भिंतीवर चौकट लावा. मग चार पावलं मागे सरकून उभे राहा.

आमच्या माडीवर ही चौकट पहिल्यांदा लावली तेव्हा दार आणि खिडकी यांच्यामधली सगळी भिंत तिच्यात गेली. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर मुख्य विषय काय, तर एक थकलेला घोडा आणि त्याच्यावर एक माणूस. बाकी सगळा माळ, मागे डोंगर आणि वर आभाळ. पडद्यावर ती मोकळी जागा ‘पार्श्वभूमी’ वाटते. भिंतीवर सुतळी लावली की लक्षात येतं, चित्रकर्तीने आपली बहुतेक मेहनत त्या रिकामपणावर घातली आहे.

याच पायरीवर एक काळजी घ्या: तुमच्यासमोरची प्रत पूर्ण आहे ना? मी या चित्राची एक मोठी छपाई एका दुकानातून मागवली होती. चौकटीत बसावं म्हणून त्यांनी कडा कापल्या आणि त्या कापात दूरचा किल्लाच गेला. किल्ला गेला की ब्रायडन कुठेही चाललेला एक भटका घोडेस्वार होतो. ती छपाई मी दोन रविवार लोकांना दाखवली आणि मगच माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून उंची-रुंदीचं प्रमाण जुळतंय का, हे आधी तपासते.

दुसरी पायरी: दहा मिनिटं पाटी वाचू नका

चित्राखालची माहिती झाका. फक्त दिसतं तेवढं वहीत लिहा, आणि लिहिताना विशेषणं टाळा. ‘करुण’, ‘शूर’, ‘भीषण’ हे शब्द नंतर. आधी नामं आणि क्रियापदं: घोडा. मान खाली, पुढे ताणलेली. स्वार खोगिरात कसाबसा टिकलेला. ओसाड माळ. डोंगर. लांबवर किल्ल्याची तटबंदी. तिथून निघालेले, मुंगीएवढे दिसणारे स्वार.

मग न दिसणाऱ्या गोष्टींची यादी करा. ही यादी नवख्यांना विचित्र वाटते, पण लढाईच्या चित्रात तीच जास्त बोलते. या चित्रात एकही अफगाण नाही. तोफ नाही. तलवारीला तलवार भिडलेली नाही. लढाईचं चित्र म्हणून आपण जे बघायला बसलो त्यात लढाईच नाही.

घोड्यापाशी थोडं जास्त थांबा. माणसाचा चेहरा बारीक आहे, घोड्याचं शरीर मोठं आहे. आणि थकवा दाखवण्याचं काम बटलर यांनी जास्त करून घोड्याकडे दिलं आहे. ज्यांनी आयुष्यात टांगा पाहिला आहे त्यांना हे चटकन कळतं. आमच्याकडे येणारे एक आजोबा, ज्यांच्या वडिलांचा बाड्यावर, म्हणजे इथल्या मोठ्या चौकात, टांगा होता, त्यांनी चित्राकडे बघून पहिलं वाक्य उच्चारलं: "हा घोडा आता बसला की उठत नाही." त्यांना गोष्ट माहीत नव्हती. ब्रायडनचं जनावर किल्ल्यात पोचल्यावर कोसळून मेलं, असंच सांगतात.

तिसरी पायरी: दोन सालं शोधा

आता पाटी उघडा. प्रत्येक युद्धचित्राला दोन सालं असतात: घटनेचं साल आणि चित्राचं साल. दोन्ही वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि मधलं अंतर काढा. इथे ते सदतीस वर्षांचं आहे. १८४२ मध्ये बटलर यांचा जन्मही झाला नव्हता. त्या जन्मल्या १८४६ मध्ये. ब्रायडन १८७३ मध्ये वारला होता. म्हणजे हे डोळ्यांनी पाहिलेलं चित्र नव्हे. ऐकलेल्या-वाचलेल्या गोष्टीवरून, आपल्या काळातल्या माणसांसाठी केलेलं आहे.

तो काळ कोणता होता ते पाहा. नोव्हेंबर १८७८ मध्ये इंग्रजांनी अफगाणिस्तानात दुसऱ्यांदा फौजा घातल्या. १८७९ च्या उन्हाळ्यात हे चित्र लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलं. त्याच मे महिन्यात अफगाण अमिराशी तह झाला, आणि तो कुठे, तर गंडमकला. १८४२ च्या माघारीतली शेवटची तुकडी जिथे कापली गेली, तेच हे गंडमक. प्रदर्शनात चित्र बघणारा लंडनवाला सकाळच्या वर्तमानपत्रात ही नावं वाचून आलेला होता. त्याला हा घोडेस्वार सदतीस वर्षांपूर्वीचा वाटला नसणार. पुढच्या आठवड्यात येऊ शकणाऱ्या बातमीसारखा वाटला असणार. सप्टेंबरमध्ये तशी बातमी आलीच: काबूलमधला ब्रिटिश राजदूत कॅव्हग्नारी आणि त्याचे सोबती मारले गेले.

म्हणून ‘हे चित्र १८४२ बद्दल काय सांगतं?’ या प्रश्नाआधी ‘हे १८७९ च्या माणसाला काय सांगत होतं?’ हे विचारा. माझं मत विचाराल तर ही एक पायरी जरी अंगवळणी पडली तरी निम्मं काम झालं.

चौथी पायरी: डोळा कुठे ठेवला आहे?

चित्र बघताना तुम्ही कुठे उभे आहात? जमिनीवर की उंचावर? कुणाच्या बाजूला? ‘उरलंसुरलं’मध्ये तुम्ही माळावरच उभे आहात, घोड्यापासून थोड्या पावलांवर. तुम्ही आवाज दिला तर ब्रायडनला ऐकू जाईल. त्याचा माग काढत आलेल्यांच्या जागी चित्रकर्तीने तुम्हाला उभं केलेलं नाही. त्यामुळे तुम्ही नकळत त्याचे होता. त्याला घोड्यावरून उतरवून घ्यावंसं वाटतं.

फरक कळायला शेजारी दुसरं चित्र ठेवा. पानिपतच्या लढाईचं, फैजाबाद शैलीतलं, १७७० च्या आसपासचं एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मराठी वाचकांनी ते कुठे ना कुठे छापलेलं पाहिलेलं असतं. त्यात डोळा घारीच्या उंचीवर आहे. मधोमध तोफांच्या दोन कमानी समोरासमोर आग ओकतात, मध्ये धूर. हत्ती, घोडे, पायदळ सगळं एकाच वेळी आणि सारखंच स्पष्ट दिसतं. लांबचं म्हणून धूसर काही नाही. कुणा एकाच्या जवळ तुम्हाला नेलेलं नाही. सबंध दिवस एका कागदावर मांडून ठेवला आहे.

‘आपल्या चित्रकारांना जवळचं-लांबचं दाखवता येत नव्हतं’ हे वाक्य अशा वेळी कुणीतरी हमखास बोलतं. ते सोडून द्या. घारीच्या डोळ्याला माळावरच्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. आणि हेही लक्षात ठेवा की फैजाबाद ही अवधची राजधानी होती, आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीच्या बाजूला होता. आपली हार आपण जिंकणाऱ्यांच्या कागदावर बघतो आहोत.

पाचवी पायरी: गणवेशाचा खरेपणा आणि गोष्टीचा खरेपणा

बटलर तपशिलाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या. वॉटर्लूच्या दोन दिवस आधीच्या लढाईचं एक चित्र करताना त्यांनी राईचं उभं शेत तुडवायला लावलं होतं, पिकात लढलेल्या पलटणीच्या पायाखालची जमीन कशी दिसेल ते कळावं म्हणून. शिपायांना चौकोन करून बंदुका झाडायला लावल्या होत्या. अशी मेहनत बघितली की आपला विश्वास बसतो. इथेच सावध व्हायचं. बटण खरं असलं, खोगीर खरं असलं, म्हणून सांगितलेली गोष्ट पूर्ण खरी ठरत नाही.

या चित्राने लोकांच्या मनात एक वाक्य पक्कं केलं: सोळा हजारांतून एकटा वाचला. वहीत हे वाक्य लिहा आणि त्याची तपासणी करा. ६ जानेवारी १८४२ रोजी काबूलहून निघालेल्यांत सुमारे साडेचार हजार सैनिक होते. त्यांतले गोरे जेमतेम सातशे, बाकी हिंदी शिपाई. आणि त्यांच्यामागे सुमारे बारा हजार बिनलढाऊ माणसं. जलालाबादचं अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, वाटेत खिंडी, गुडघाभर बर्फ आणि दोन्ही अंगांच्या कड्यांवरून गोळ्या. ब्रायडन पोचला हे खरं. पण वाटेत ओलीस म्हणून ठेवून घेतलेले इंग्रज अधिकारी, बायका आणि मुलं सप्टेंबरमध्ये सुटून आली. काही शिपाई मागाहून जलालाबादला पोचले. काही गुलाम म्हणून विकले गेले. हातापायाची बोटं बर्फाने गळालेली कितीतरी हिंदी माणसं काबूलच्या रस्त्यावर भीक मागत होती आणि शरद ऋतूत परत गेलेल्या इंग्रज फौजेला ती सापडली. ‘एकटा’ हा शब्द टिकतो तो फक्त अशा हिशोबात, ज्यात ही माणसं धरलेलीच नाहीत.

त्याच फौजेने काबूलचा मोठा झाकलेला बाजार उद्ध्वस्त केला. त्याचं चित्र रॉयल अकादमीत गाजल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

सहावी पायरी: बुणगे

या पायरीसाठी मी हे टिपण लिहायला घेतलं.

मराठीत एक शब्द आहे जो या कामाला फार उपयोगी पडतो: बुणगे. बाजारबुणगे. फौजेबरोबर चालणारी, पण हातात हत्यार नसलेली माणसं. भिश्ती, उंटवाले, नालबंद, मोदी, हलवाई, डोलीवाले, धोबी, तंबू ठोकणारे, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. आपण तो शब्द शिवीसारखा वापरतो. पानिपताची चर्चा निघाली की "बुणग्यांनी घात केला" असं म्हणून मोकळे होतो. चित्र वाचताना मात्र हाच शब्द किल्लीसारखा हातात धरा आणि प्रत्येक लढाईच्या चित्रात आधी बुणगे शोधा.

कसे शोधायचे? कडेपासून आत या. चित्रकार बहुधा मुख्य माणसाला मध्यावर ठेवतो, म्हणून आपला डोळा आपसूक मध्यावर जातो. त्याला मुद्दाम कडेला न्या. चारही कोपरे एकेक मिनिट बघा. घोड्याचा लगाम कुणी धरला आहे? तोफेचे बैल कुणी हाकले असतील? जखमीला पाणी कोण देतंय? तंबू दिसत असेल तर तो उभा कुणी केला? ही माणसं चित्रात असली तर त्यांचे चेहरे वेगवेगळे काढले आहेत की एकाच साच्यातले आहेत, ते बघा. नसली तर वहीत त्यांची जागा रिकामी सोडा, पण मथळा लिहा: बुणगे.

‘उरलंसुरलं’मध्ये ते नाहीत. बारा हजार माणसांतलं एकही नाही. एका रविवारी माझी भाची, तेव्हा आठवीत होती, सुतळीच्या चौकटीसमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, बाकीचे सगळे त्या रिकाम्या जागेत आहेत का?" मी तिला ‘हो’ही म्हणाले नाही आणि ‘नाही’ही. आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. त्या ओसाड माळात बटलर यांनी मेलेल्यांना मानाने जागा करून दिली आहे असं कधी वाटतं. कधी वाटतं, माळ मोकळा ठेवल्यामुळेच बघणाऱ्याला त्यांची आठवण न काढता घरी जाता आलं. दोन्ही वाचनं वहीत असू द्या. चित्र वाचताना एकच उत्तर काढायचं बंधन नसतं. फक्त प्रत्येक उत्तराला चित्रात बोट ठेवायला जागा हवी.

ग्वाल्हेरच्या माणसाने तर हा शोध घ्यायलाच हवा. आपण राहतो त्या भागाचं नाव लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो उठलाच नाही आणि त्याचं शहर झालं. कंपू हे नाव छावणीचं, शिंदे की छावनी तर उघडच. या गल्ल्यांमध्ये राहायला आलेले आपले पूर्वज सगळेच काही तलवारबहाद्दर नव्हते. कारकून होते, आचारी होते, पुजारी होते, शिंपी होते. माझ्या सासरचे मूळ पुरुष फौजेच्या मोदीखान्यात धान्य मोजत असत, असं घरात सांगतात. म्हणजे बुणगेच.

आणि महादजींची गोष्ट तर इथल्या प्रत्येक मराठी घरात माहीत असते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावरून निघताना पाठलागावरच्या अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला. तो पाय जन्मभर अधू राहिला. त्यांना उचलून आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं ते राणेखान नावाच्या भिश्त्याने, असं परंपरा सांगते. महादजी त्याला पुढे भाई म्हणत, त्याला त्यांनी सरदार केलं. दत्ताजी आदल्या वर्षी बुराडी घाटावर पडले होते, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. शिंद्यांचं घराणं ज्याच्या बैलावरून परत आलं, तो एक बुणगा होता. आता फैजाबादच्या त्या चित्राकडे पुन्हा जा आणि कडा बघा.

सातवी पायरी: त्याच दिवसाचं दुसरं चित्र

एका घटनेवर दोन चित्रं मिळाली तर सोडू नका. १३ जानेवारी १८४२ या एकाच तारखेवर आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे: विल्यम बार्न्स वोलेन यांचं १८९८ चं, ४४व्या पलटणीचा गंडमकचा शेवटचा सामना. बर्फाळ टेकडीवर पासष्टच्या आसपास गोरे उरले होते. चित्रात ते एकमेकांना पाठ लावून, संगिनी बाहेर रोखून उभे आहेत.

दोन्ही शेजारी ठेवून वरच्या पायऱ्या भराभर पुन्हा करा. सालं: १८४२ आणि १८९८, मधली वर्षं छप्पन. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम चालली होती, म्हणजे पुन्हा ताज्या बातम्यांच्या हवेत केलेलं जुन्या हारीचं चित्र. डोळा: इथेही जमिनीवर, वेढलेल्यांच्या जवळ. फरक असा की बटलर यांचा माणूस फक्त पोचायचं बघतो, वोलेन यांची माणसं मरण दिसत असूनही जागा सोडत नाहीत. हार तीच, एका चित्रात ती थकवा म्हणून दिसते, दुसऱ्यात शौर्य म्हणून. मला बटलर जास्त प्रामाणिक वाटतात. वोलेन यांचं चित्र बघून कुणा तरुणाला पलटणीत भरती व्हावंसं वाटेल. बटलर यांचं बघून वाटणार नाही. आमच्या माडीवर यावर कडाक्याचे वाद झाले आहेत आणि मी दोनदा हरलेही आहे. तुम्हाला उलट वाटलं तर कारण मात्र चित्रातलं द्या.

आणि हो, बुणगे. गंडमकच्या टेकडीवर ते कुठे आहेत, ते शोधा.

आठवी पायरी: सरहद्द कुणाची?

‘सरहद्दीवरची लढाई’ असं आपण सहज म्हणतो. नकाशा काढून विचारा, कुणाच्या बाजूने सरहद्द? जलालाबाद इंग्रजांच्या दृष्टीने टोकाचं ठाणं होतं. तिथल्या माणसाच्या दृष्टीने ते त्याचं गाव होतं. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या तेव्हा आपणही कुणाच्या तरी दारात सरहद्द घेऊन उभे होतो.

आणि इंग्रजांची हीच सरहद्द १८४२ नंतर दोन वर्षांच्या आत आपल्या अंगणात आली. काबूलची वाताहत झाल्यावर कलकत्त्याला नवा गव्हर्नर जनरल आला, लॉर्ड एलेनबरो. त्याची नजर सतलजपलीकडच्या शीख फौजेवर होती आणि ग्वाल्हेरची मोठी फौज आपल्या पाठीमागे असणं त्याला धोक्याचं वाटत होतं. गादीवर जयाजीराव हे लहान मूल, दरबारात तंटे. त्याला निमित्त मिळालं. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या आणि दोन्हीकडे ग्वाल्हेरची फौज हरली. पकडलेल्या तोफांचं कांसं ओतून इंग्रजांच्या फौजेतल्या शिपायांसाठी तारे बनवले, सहा टोकांचे, मध्यभागी चांदीचा छोटा तारा, त्यावर गावाचं नाव आणि तारीख. अशा पदकाचं छायाचित्र मिळालं तर तेही चित्रासारखंच वाचा. आपली तोफ वितळून समोरच्याच्या छातीवर लागली आहे. वरच्या सगळ्या पायऱ्या तिथेही चालतात: कुणी केलं, कुणासाठी, काय दाखवलं, काय गाळलं.

शेवटचं काम: स्वतः काढून बघा

वाचायला शिकल्याची खूण म्हणजे रिकाम्या कागदावर स्वतः निर्णय घेता येणं. चित्र येत नसलं तरी चालेल. गोल डोकी आणि काड्यांचे हातपाय पुरतात. पनिहारला एकदा जाऊन या. ग्वाल्हेरहून लांब नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर थंडी आणि उजेड साधारण तसाच मिळेल. आजूबाजूच्या टेकड्या बघा, वही उघडा आणि त्या दिवसाचं चित्र आखा. आधी ठरवा: डोळा घारीचा की माळावरच्या माणसाचा? मध्यावर कोण? कोणता क्षण, पहिली तोफ उडण्याआधीचा की संध्याकाळी मैदान शांत झाल्यानंतरचा? कागदाच्या कडेला कोण?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण गेलो होतो. सहा जणांनी तोफेपासून सुरुवात केली, मीही त्यांतलीच. भाची आता कॉलेजात आहे. तिने कागदाच्या डाव्या कोपऱ्यात आधी एक बैल काढला, त्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली पखाल, आणि मग बराच वेळ पेन्सिल हातात धरून, बाकीचा कागद कुठून सुरू करावा याचा विचार करत बसली.